घरभाषा जपानी

माझा भाचा अनय याची घरभाषा जपानी आहे, अशी नोंद थॉर्नमियर बरो कौन्सिलच्या दप्तरी गेल्या फेब्रुवारीत झाली. अनय चार वर्षांचा आहे. त्याचे वडील, म्हणजे माझा दादा, साताऱ्याचे, आई डोंबिवलीची, आणि जपानला आमच्या घरातलं कोणीही गेलेलं नाही. दादा एकदा टोकियोमार्गे कुठेतरी जाणार होता, पण ती फ्लाइट रद्द झाली. तरीही नोंद चुकीची नव्हती. ती मीच केली होती, आणि मोजून केली होती.

थॉर्नमियर हे इंग्लंडात स्लाऊ आणि ब्रॅकनेल यांच्या मधलं एक गाव. माझा भाऊ यशोधन ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मीनलवहिनी औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली सूचनापत्रकं तपासते, घरूनच. मी ग्लासगोहून फिजिक्समध्ये एमएससी करून, नोकरी शोधत त्यांच्याकडे राहत होते. घरात रिकामा वेळ असलेली मी एकटीच असल्यामुळे फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे आलं. अनयला सप्टेंबरपासून सेंट ऑल्डरिक प्रायमरीत प्रवेश हवा होता. याच शाळेसाठी दादा-वहिनींनी बागेचं घर सोडून शाळेच्या फाटकापासून सहाशे चाळीस मीटरवर, एका लाँड्रीच्या वरचा फ्लॅट घेतला होता. खाली मशिन फिरू लागलं की वर वरणाच्या वाटीत लाटा येत. पण अंतर बरोबर होतं, आणि इथे प्रवेश अंतरावर मिळतो. ते दादानं स्वतः तीन वेळा मोजलं होतं. मोजण्याची सवय आमच्या घराण्यातच आहे.

फॉर्मकडे वळण्यापूर्वी नाबे-सानविषयी सांगणं आवश्यक आहे. नाबे-सान हे फेल्ट कापडाचं, दोन डोळ्यांचं एक पातेलं आहे. छोट्या मुलांसाठीच्या एका जपानी शैक्षणिक मालिकेतलं. अकरा मिनिटांच्या प्रत्येक भागात नाबे-सान कशाची तरी वाट पाहतं. बस येण्याची, रंग वाळण्याची, बर्फ वितळण्याची. मुळा उगवण्याची वाट सलग दोन भाग चालते. मध्येच ते बघणाऱ्या मुलाकडे वळून एक प्रश्न विचारतं, उत्तरासाठी सात सेकंद डोळ्यांची उघडझाप करत थांबतं, आणि मग, उत्तर आलेलं असो वा नसो, झाकण उचलून 'नारुहोदो' म्हणतं. म्हणजे 'असं होय'. मुलांना धीर शिकवणं हा मालिकेचा उद्देश आहे.

ही मालिका आमच्याकडे कोणी ठरवून आणली नाही. एके दिवशी दुसरं काहीतरी संपलं आणि टीव्हीनं आपणहून ही लावली. वहिनीला वाटलं दादानं लावली, दादाला वाटलं वहिनीनं लावली, आणि दोघांनाही एकमेकांचं कौतुक वाटलं. मुलगा शांत बसतो आहे, शिवाय शैक्षणिक आहे, शिवाय जपानी आहे. जपानी वस्तूविषयी आपल्या लोकांच्या मनात शंका येत नाही.

परिणाम दिसू लागले. अनय जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणू लागला. नर्सरीतून आल्यावर तो दारात उभा राहून 'तादाइमा', म्हणजे 'मी आलो', म्हणे, आणि आतून कोणी 'ओकाएरी', म्हणजे 'आलास, ये', म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नसे. एकदा दादा ऑफिसच्या कॉलवर होता, तर पोरगा बूट हातात धरून नऊ मिनिटं पायपुसण्यावर उभा होता. शेवटी खालच्या लाँड्रीवाल्यानं वर येऊन 'ओकाएरी' म्हटलं. त्यालाही पाठ झालं होतं.

आता फॉर्म. प्रश्न क्रमांक चौदा असा होता: 'घरात मुलाला उद्देशून बोलल्या जाणाऱ्या भाषा, सरासरी दैनिक मिनिटांत. सर्वाधिक मिनिटांची भाषा ही घरभाषा समजली जाईल.' इथे कोणीही 'मराठी' लिहून पुढे गेलं असतं. पण मिनिटं विचारली होती, आणि मिनिटं विचारल्यावर अंदाज लिहिणं मला जमत नाही. मी सात दिवस स्टॉपवॉच घेऊन घरात फिरले. नाबे-सान थेट अनयकडे पाहून बोलतं, त्यामुळे ते धरावं लागलं. दादा-वहिनींचं बरंचसं इंग्रजी लॅपटॉपला उद्देशून होतं, ते सोडून द्यावं लागलं. निष्कर्ष: जपानी चौऱ्याहत्तर मिनिटं, इंग्रजी एकतीस, मराठी नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मी तक्ता जोडला, चूक कुठवर संभवते तेही लिहिलं, आणि वहिनीपुढे सहीसाठी ठेवला.

"कशाचं आहे?" वहिनीनं विचारलं. ती एका गोळीचे दुष्परिणाम वाचत होती.

"घरी किती बोलतो त्याचं."

"बरोब्बर लिहिलंयस ना?"

"सेकंदापर्यंत."

तिनं सही केली. जगातली सगळी सूचनापत्रकं वाचणारी ही बाई, पण सही करताना वाचण्याची पद्धत आपल्यात नाही.

तीन आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं. ते जपानीत होतं. सोबतची इंग्रजी प्रत 'केवळ माहितीसाठी' होती. तिच्यात लिहिलं होतं की, जपानी घरभाषेचा थॉर्नमियरमधला पहिला बालक म्हणून कौन्सिल अनयचं स्वागत करतं. सेंट ऑल्डरिकमध्ये जपानीची सोय नसल्यामुळे त्याला अकरा मैलांवरच्या हेझलबी प्रायमरीत जागा देण्याचं योजलं आहे, कारण तिथल्या एका मदतनीस बाईंना जपानी येतं. किती येतं, तेही लिहिलं होतं. त्या एकदा क्योटोला दहा दिवस गेल्या होत्या.

दादानं पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीशी गेला आणि सहाशे चाळीस मीटरवरच्या सेंट ऑल्डरिकच्या कौलांकडे बघत उभा राहिला.

"तनू," तो म्हणाला, "तू हे काय केलंस?"

"प्रश्नाचं उत्तर दिलं."

"अगं पण ॲक्च्युअल उत्तर कोण देतं?"

"तुझ्याच मुलाचा डेटा आहे, दादा."

"डेटा बरोबर असेल. मॅनर्स आहेत की नाही?"

त्यानं कौन्सिलला फोन केला आणि स्पीकरवर टाकला. मिसेस प्रिचर्ड नावाच्या अधिकारी होत्या, आवाज अत्यंत प्रेमळ. नियमाप्रमाणे त्यांनी आधी लीड्सहून कुराता नावाच्या जपानी दुभाष्याला जोडून घेतलं. मग संभाषण सुरू झालं. मिसेस प्रिचर्ड इंग्रजीत बोलत, कुराता ते जपानीत सांगत. दादा इंग्रजीत उत्तर देई, कुराता तेच इंग्रजी पुन्हा एकदा इंग्रजीत सांगत, पण अधिक नम्रपणे.

"आम्ही जपानी नाही. आम्ही मराठी आहोत," दादा म्हणाला.

"यजमान क्षमा मागून सांगतात की ते मराठी आहेत," कुराता म्हणाले.

"ते पान तीन," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "तुम्ही मराठी आहात याबद्दल कौन्सिलला अजिबात शंका नाही. आपण पान चारविषयी बोलतोय. तिथे मिनिटं आहेत."

"पण मला जपानी कळत नाही हो."

इथे टाइप केल्याचा आवाज आला. त्या संभाषणाची लेखी नोंद आम्हाला नंतर मिळाली: 'वडिलांना औपचारिक जपानी समजण्यात अडचण. यापुढे सोप्या जपानीत पत्रव्यवहार करावा.' पुढचं पत्र खरोखरच मोठ्या अक्षरात आलं, आणि त्यात शाळेच्या बसचं चित्र होतं.

"आकडे चुकीचे आहेत असं तुमचं म्हणणं आहे का?" मिसेस प्रिचर्डनी शेवटी विचारलं. "कारण इतका नीट तक्ता आम्हाला आजवर कोणी पाठवला नव्हता. आम्ही तो ट्रेनिंगमध्ये दाखवतो."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आकडे बरोबर होते.

फेरतपासणीची तरतूद मात्र होती. अठ्ठावीस मार्चला कौन्सिलतर्फे मराठीची नोंदणीकृत तपासनीस घरी येईल, अर्धा तास बसेल, आणि त्यातली किमान वीस मिनिटं कुटुंब आणि मूल यांच्यात मराठी संभाषण झालं पाहिजे. झालं तर सेंट ऑल्डरिक, नाही तर हेझलबी. नियमाला एक तळटीप होती: हुकूम, धमक्या आणि तीनपर्यंतचे आकडे संभाषणात धरले जाणार नाहीत.

मी जुनी नोंदवही काढून नऊ मिनिटं चाळीस सेकंदांची तळटीपेप्रमाणे पुन्हा मोजणी केली. 'ऊठ', 'चल', 'गिळ', 'लवकर', 'हात धू', 'बाबांना कॉल आहे, गप', आणि 'एक... दोन... आता तीन म्हणेन हं' हे सगळं वजा केलं. पंचेचाळीस सेकंद उरले. त्यातले अकरा सेकंद दादाच्या पायाला टेबल लागलं तेव्हाचे होते.

"म्हणजे आपण त्याच्याशी बोलतच नाही?" वहिनी म्हणाली.

"बोलतो. पण सैन्यात बोलतात तसं."

त्या रात्री जेवताना बोलायचं ठरलं. चौघं टेबलाशी बसलो. अनयनं पोळीला नमस्कार केला. दादानं घसा साफ केला.

"मग अनय, आज काय काय केलंस?"

"नथिंग."

"छान."

सहा सेकंद. मी लिहून ठेवले.

"अरे, त्याच्याकडून मराठीत काढून घे ना," वहिनी म्हणाली.

"काय काढून घेऊ? ओटीपी आहे का तो?" दादा म्हणाला. मग पुन्हा अनयकडे वळून, "बाळा, तुझ्या मित्राचं नाव काय?"

"ओली."

"ओली काय करतो?"

"बाईट्स."

"छान," दादा म्हणाला, आणि वहिनीकडे असहायपणे पाहू लागला. चार वर्षांच्या माणसाशी बोलण्यासारखे विषय त्याच्याकडे दोनच होते, आणि ते संपले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुरुषोत्तमकाकांकडे गेलो. काका हाडांचे डॉक्टर, निवृत्त. चाळीस वर्षं इथल्या लोकांचे गुडघे बदलले, आणि आता मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आमचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं.

"यशोधन, भाषा ही शेवटी घरातच जगते," काका म्हणाले. "मी प्रत्येक मराठी दिनाला हेच सांगतो."

"तुम्ही घरी काय करता, काका? नातवंडांशी?"

"मी त्यांना माझी भाषणं पाठवतो," काका म्हणाले. "सबटायटल्स घालून." मग दारातून डोकावणाऱ्या नातीकडे वळून, "डार्लिंग, शूज ऑन, ग्रँडपा इज कमिंग."

मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाचीही चौकशी केली. तिथे मराठी इंग्रजीतून शिकवतात. प्रतीक्षा यादी दीड वर्षाची.

मग वहिनीनं मुळावर घाव घातला. टीव्ही बंद. नाबे-सान बंद. त्या दिवशी साडेपाच वाजता अनय नेहमीसारखा सोफ्यावर येऊन बसला. काळ्या पडद्यासमोर, गुडघ्यांवर हात ठेवून. रडला नाही, मागितलं नाही. तो वाट पाहत होता. मालिकेनं त्याला शिकवलेलं एकच कौशल्य, आणि ते त्याला उत्तम येत होतं. पन्नास मिनिटं झाली. वहिनी तिसऱ्यांदा आत येऊन बघून गेली.

"हे माझ्याच्यानं बघवत नाही," ती म्हणाली. "हा ओरडत का नाही? ओरडला असता तर मला काही वाटलं नसतं."

तिनं टीव्ही लावला. दादा येऊन धपकन सोफ्यावर बसला, तो नेमका रिमोटवर. आवाज गेला. पडद्यावर नाबे-सान पाणी उकळण्याची वाट पाहत होतं आणि तोंड हलवत होतं.

"बाबा, ब्रोकन," अनय म्हणाला.

दादा रिमोट शोधू लागला. तो त्याच्याच खाली होता, त्यामुळे सापडत नव्हता. आणि तेवढ्यात, मुलगा फार वाट बघतोय म्हणून की स्वतःच्याच वैतागातून कोण जाणे, तो पातेल्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "अरे देवा, हे पाणी उकळतंय की सुट्टीवर गेलंय?"

अनयनं वळून बापाकडे पाहिलं.

"आता मला फार भूक लागली आहे," दादानं पातेल्याच्या वतीनं पुढे चालवलं. "पण मीच पातेलं. मी खाऊ कुणाला?"

अनय हसला. पोट धरून. मग म्हणाला, "का?"

"काय का?"

"पाणी का नाही?"

पडद्यावर नाबे-साननं प्रश्न विचारला होता आणि ते सात सेकंद पापण्या मिटत थांबलं होतं. तेवढ्या जागेत दादानं पाणी का उकळत नाही ते सांगितलं. चूक सांगितलं, पण मी मध्ये पडले नाही. अनयनं आणखी तीन 'का' विचारले. भाग संपला तेव्हा माझ्या घड्याळात आठ मिनिटं वीस सेकंद झाले होते. त्यात हुकूम शून्य.

पुढचे तीन आठवडे रोज साडेपाचला टीव्हीचा आवाज बंद करून दादा-वहिनी अनयच्या दोन बाजूंना बसू लागले. दादा नाबे-सान. वहिनीनं मुळ्याचं काम घेतलं आणि त्याला मुळेबाई म्हणून डोंबिवलीतली एक शेजारीण केली. ती पातेल्याला टाकून बोलायची, "तुम्ही काय बाई, बसून असता. आम्हाला उगवावं लागतं." अनय तिला उत्तरं देऊ लागला. आधी एका शब्दाची, मग अख्खी. मुळेबाई आला, मुळेबाई गेला, असं तो म्हणे, पण म्हणे मराठीत. एकदा त्यानं विचारलं, "मुळेबाईला रात्री मातीमध्ये भीती वाटते?" वहिनीनं त्याला जवळ ओढलं. मग म्हणाली, "वाटते. म्हणून ती सगळ्यांना ओरडते." ते वाक्य मी कुठल्याच रकान्यात टाकलं नाही.

अठ्ठावीस मार्चला तपासनीस आल्या. शुलामीथ रोहेकर. वय पंचाहत्तरच्या पुढे, उत्तर लंडनहून दोन ट्रेन बदलून आलेल्या, हातात छत्री आणि कौन्सिलचा क्लिपबोर्ड. मुंबईत माझगावला वाढल्या, मूळच्या रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. कौन्सिलच्या यादीत मराठीपुढे त्यांचं एकटीचंच नाव होतं.

दादानं हात जोडले. "आपलं हार्दिक स्वागत असो. आपण आसन ग्रहण करावे."

"बाळा, असा रोज बोलतोस?" शुलामीथबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे... नाही."

"मग आज कशाला? मी काय मूर्तीचं अनावरण करायला आलेय?" त्या सोफ्यावर टेकल्या, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. "तुम्ही तुमचं चालू द्या. मी नाही असं समजा."

अर्थात सगळे मुके झाले. वहिनीनं चहाचं विचारलं, ते मुलाला उद्देशून नसल्यामुळे धरता आलं नाही. दोन मिनिटं गेली. चौथं मिनिट लागलं. अकरा मैलांवरची हेझलबीची बस मला दिसू लागली.

अनय मात्र पाहुणीकडे टक लावून बघत होता. ती काही न बोलता घड्याळ धरून बसली होती. असं बसलेलं माणूस त्यानं फक्त एकच पाहिलं होतं, आणि ते पातेलं होतं.

"तू कशाची वाट बघते?" त्यानं विचारलं.

"सव्वाचारच्या गाडीची," शुलामीथबाई म्हणाल्या.

"गाडी कुठे आहे?"

"स्लाऊला असेल. की झोपलीय कोण जाणे. तुला काय वाटतं?"

"झोपली. बाबा, गाडी झोपते?"

"झोपते ना," दादाला वाचा फुटली. "इथल्या गाड्या तर रुळावर पान पडलं तरी झोपतात."

"मग मुळेबाई उठवेल," अनय म्हणाला, आणि वहिनीचा हात ओढून, "आई, तू उठव."

वहिनीनं गाडीला उठवलं. मुळेबाईच्या आवाजात, डोंबिवलीच्या भाषेत, दहा पिढ्यांचा उद्धार करून. शुलामीथबाई क्लिपबोर्ड तोंडापुढे धरून हसत होत्या. तेवीस मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर त्यांनीच घड्याळ थांबवलं, आणि 'घरभाषा: मराठी' असं लिहून खाली सही केली. वाचून केली.

दारात छत्री घेताना त्या वहिनीला म्हणाल्या, "पोरगा गोड बोलतो. हे सोडू नका हं. आम्ही पण घरी म्हणायचो, उद्यापासून मुलांशी आपलंच बोलू. आता नातवंडं फोनवर विचारतात, ग्रॅनी, हाऊज द वेदर. मी सांगते, रेनिंग. झालं आमचं."

"नाही, नाही, आम्ही चालूच ठेवणार," दादा म्हणाला. मनापासून म्हणाला.

एप्रिलमध्ये सेंट ऑल्डरिकचं पत्र आलं, इंग्रजीत. दादानं त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि तासाभरात पुरुषोत्तमकाकांचा फोन आला. प्रश्न क्रमांक चौदा आता सगळ्याच कौन्सिलांना आवडला होता. तक्ता ट्रेनिंगमध्ये दाखवल्याचा हा परिणाम. स्लाऊच्या दोन मुलांची घरभाषा कोरियन निघाली होती. ग्लासगोच्या एका डॉक्टर दांपत्याच्या मुलीची तर कोणतीच निघाली नव्हती, कारण तिच्या आवडत्या मालिकेत फक्त ढेकूण होते आणि ते शिट्टीत बोलायचे.

"तुमचं ते पातेलं आम्हाला मिळेल का?" काकांनी विचारलं.

"मिळेल म्हणजे, काका, आम्ही स्वतः शेजारी बसून बोलतो."

"तेच बोलणं रेकॉर्ड करा की."

कल्पना इतकी साधी होती की ती आधी आपल्याला का सुचली नाही याची दादाला लाज वाटली. तो सॉफ्टवेअरचा माणूस. तेच काम रोज हातानं करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत दोघांनी कपाटात बसून सव्वीस भागांचे आवाज भरले. टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि फोनवर हे लावायचं. प्रश्नानंतर सात सेकंद जागा सोडली होती, आणि तिच्यानंतर दादाच्या आवाजात 'अरे वा, मग?' घातलं होतं. हे कुठल्याही उत्तराला चालतं. आम्ही तपासून पाहिलं.

त्या दोन दिवसांत अनयला सांभाळायला मी होते. कपाटाचं दार बंद होतं आणि तो बाहेर बसून आतलं ऐकत होता.

ध्वनिफीत जूनपर्यंत दोनशे बारा घरांत पोचली. ज्या घरांतून आकडे आले तिथे मराठीची सरासरी दिवसाला एकाहत्तर मिनिटं झाली. पालकांच्या मागणीवरून 'ऊठ', 'दात घास' आणि 'एक, दोन, आता तीन म्हणेन हं' यांचीही वेगळी फीत निघाली, कारण ते बोलण्यातही वेळ जातोच. मंडळाला भाषासंवर्धनाचं मानपत्र मिळालं. काकांनी ते स्वीकारताना भाषा घरातच जगते असं सांगितलं, आणि यावेळी त्यांच्याकडे पुरावा होता. ग्लासगोपासून प्लिमथपर्यंत सुमारे तीनशे मराठी मुलं आता सातारी बाप आणि डोंबिवलीची आई यांच्याशी रोज बोलतात. हे आई-बाप त्यांचे नाहीत, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये शाळेकडून प्रश्न चौदा पुन्हा आला. मी पुन्हा सात दिवस मोजलं. आमच्या घरात मराठी त्र्याऐंशी मिनिटं, त्यातली प्रत्यक्ष माणसाच्या तोंडून दोन मिनिटं पन्नास सेकंद. या फरकासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मी मिसेस प्रिचर्डना फोन करून विचारलं.

"मुलाला उद्देशून आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं की. किती छान प्रगती."

परवा साडेपाचला अनय सोफ्यावर बसला होता. पडद्यावर नाबे-सान बसची वाट पाहत होतं. फोनमधून दादाचा आवाज आला, "सांग बघू बाळा, आज तू कुणाची वाट पाहिलीस?" आणि मग सात सेकंदांची ती जागा.

"बाबाची," अनय म्हणाला.

"अरे वा, मग?" दादाचा आवाज म्हणाला.

अनय विचारात पडला. मग त्यानं बरंच काही सांगितलं. शाळेत ओलीनं कुणाला चावलं, जेवणात मटार होते, मधल्या सुट्टीत तो फाटकाशी उभा राहून आपलं घर दिसतं का ते बघतो, आणि दिसतं. सगळं मराठीत. बोलून झाल्यावर तो गुडघ्यांवर हात ठेवून उत्तराची वाट पाहत बसला. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला दादा होता, कानांवर हेडफोन, ब्रॅकनेलशी बोलत.

ध्वनिफीत मंडळाकडे मोफत मिळते. आजवर मागणाऱ्या प्रत्येकानं एकच शंका विचारली आहे, तेव्हा तुमच्या मनातलीही इथेच फेडून टाकते: फीत चालू असताना पालकांनी मुलाशेजारी बसणं सक्तीचं नाही. पलीकडच्या खोलीत तुमचं मूल आत्ता जे बघतंय ते तेवढं बदला, आणि निवांत वाचत बसा.